नाळे बा

स्लिपवर माझं नाव चुकलंय.
भरमाणीचं भरमणी केलंय, लोहारचं लोहर.
कानडीत काना वेगळा वळतो,
पण पडला की सारखाच दिसतो.
तीस वर्षं पाट्या रंगवल्या, दोन्ही लिप्यांत.
मला आधी अक्षर दिसतं,
मग दुकान.

काल रात्री वाटलं,
नाव चुकलंय तर गाठही दुसऱ्या कुणाची असेल.
मग वाटलं, नको.
त्यालाही गळा असणार.

मंगळवारी गळ्यात सुई घातली.
शुक्रवारी या, म्हणाले.
कडोलीहून सव्वासातची बस,
सीबीटीला उतरून पुढं चालत.
काउंटरवरची शिवलीला मान वर न करता म्हणाली,
"नाळे बन्नी."
शनिवारी मान वर केली,
आणि तेच म्हणाली.
आज रविवार. लॅब बंद.
आज 'उद्या या' म्हणायलाही तिथं कुणी नाही.

मालन म्हणते, सारखं गिळून बघू नका.
मी बघतो.
चहा गिळतो, थुंकी गिळतो,
काहीच नसलं की नुसतं गिळणं गिळतो.
अंगठा आपसूक गळ्याकडं जातो.
ओल्या रंगाला बोट लावायचं नसतं,
हे मी चार पोरांना शिकवलं,
आणि दर वेळी सुकला का बघायला
बोट माझंच गेलं.

परशरामचा फोन आला.
"काय होत न्हाई रे. माझ्या मेव्हण्याला पण अशीच होती."
मेव्हण्याचं पुढं काय झालं
ते त्यानं सांगितलं नाही.
मी बसचं विचारलं, भाताचं विचारलं,
त्याच्या म्हशीचंसुद्धा विचारलं.

सातवीत होतो. तेव्हा गावात ती यायची म्हणे.
रात्री दारापाशी उभी राहून
घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारायची.
ओ दिली की संपलं.
उपाय एकच, दारावर खडूनं लिहायचं,
नाळे बा.
उद्या ये.
ती वाचायची आणि परत जायची.
माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, तिला येत होतं.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायची.
अक्षर बरं म्हणून गल्लीनं खडू माझ्या हातात दिला.
मराठी घरं, कानडी अक्षरं,
त्या आठवड्यात कुणी वाद घातला नाही.
बावीस दारं रंगवली.
एका घरानं मूठभर शेंगदाणे दिले,
तेवढीच माझी पहिली कमाई.

आता मी दारावर जातो
आणि दार मला सांगतं, नाळे बन्नी.
म्हणजे भूत मीच की.
त्या बिचारीचं मला आजवर सुचलंच नव्हतं.
एवढ्या लांबून रोज चालत येत होती,
कदाचित तिलाही
एखादा कागदच न्यायचा असेल.

दुपारी पत्रा काढला,
एका किराणा दुकानाची पाटी, दोन वर्षांनी आलेलं काम.
बाकी सगळं फ्लेक्सवाल्यानं नेलं.
'श्री'ची वेलांटी ओढताना श्वास रोखावा लागतो.
तेवढा वेळ गळा नसतो.
मग वेलांटी संपते.

मनात आलं, ब्रश बुडवलेलाच आहे,
आपल्या दारावरही लिहावं.
पण काय लिहायचं?
उद्या ये, म्हणायचं
तर उद्याच तर हवाय मला.
आणि नकोही.

आतून मालननं हाक मारली.
पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही,
ही सवय अजून गेली नाही.
दुसऱ्या हाकेला म्हणाली,
"रताळी उकडल्यात. गार होतील."
तिसरी मी येऊ दिली नाही.

गरम होतं. बोटांना रंग होता,
तसंच सालीसकट खाल्लं.
दुसरं घेतलं.
ते अर्धं झाल्यावर ध्यानात आलं,
एवढ्यात कितीदा गिळलं,
बघायचं राहूनच गेलं.

सव्वासातची बस.
सुट्टे पैसे
मालननं आत्ताच खिशात घालून ठेवलेत.